जाडी दिसली, पाय दिसला नाही

"चालायला लागा. रोज अर्धा तास तरी चाला," डॉक्टर म्हणाले तेव्हा मी खाकी गणवेशातच त्यांच्यासमोर बसले होते. बुटांना चिखल होता. मी वनरक्षक आहे. मूल तालुक्यातल्या जंगलाचा एक तुकडा माझ्याकडे आहे, त्याला आम्ही बीट म्हणतो, आणि तो पायी फिरणं हेच माझं काम. त्या दिवशीही मी फिरूनच आले होते, दुखऱ्या पायाने.

"सर, मी रोज चालते. चालणं हीच माझी ड्युटी आहे."

"मग खाण्याकडे लक्ष द्या."

पाय त्यांनी पाहिला नाही. टेबलाच्या पलीकडून त्यांना माझा आकार दिसला आणि त्यांचं निदान तिथेच संपलं. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एकट्याचं लिहून उपयोग नाही, कारण पुढे भेटलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच केलं. मी आज जिवंत आहे ती या दोघांमुळे नाही. माझ्यासारखं शरीर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बायका-माणसांसाठी हे लिहिते आहे. माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

फक्त डावा

पावसाळा सरता सरता मला मलेरिया झाला. आमच्या भागात हे नवलाचं नाही. ताप उतरला तरी अशक्तपणा इतका की मी बरेच दिवस खाटेवरून हलले नाही. उठून कामावर रुजू झाले तर डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखायला लागलं. पाय सुजला, टणक झाला, हात लावला तर गरम लागायचा. उजवा अगदी बरा होता.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. "फक्त डावाच सुजला आहे, सर."

"एवढं वजन उचलायचं म्हटल्यावर पाय सुजणारच."

"पण उजवाही तेवढंच उचलतो ना?"

ते हसले. मला वाटलं आता तरी उठून पाहतील. त्यांनी दुखण्याची गोळी लिहिली आणि आहाराचा छापील कागद हातात दिला. भात बंद, बटाटा बंद, साखर बंद. धानाच्या पट्ट्यात जन्मलेल्या बाईला भात बंद करायला सांगणं किती सोपं असतं!

काही दिवसांनी दम लागायला लागला. चढ नसतानाही. छातीत एका बाजूला टोचायचं. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत ते म्हणाले, "वजनामुळे दम लागतो. वीस किलो कमी करा, मग या."

मग या! वीस किलो कमी झाल्यावर तपासायचं, असा नियम बारीक माणसाला कुणी लावतो का?

घरीही वेगळं नव्हतं. माझा नवरा प्रमोद राइस मिलमध्ये मेकॅनिक आहे. काडीसारखा माणूस. दोन ताटं भात खातो आणि पँट कमरेवर राहत नाही म्हणून पट्ट्याला नवं भोक पाडतो. तो म्हणाला, "डॉक्टर काही खोटं बोलून राह्यले का? दोघंही एकच सांगून राह्यले." इतक्या वर्षांत इतक्या जणांनी तेच सांगितलं होतं की मलाही वाटलं, असेल तसंच.

बाज

धानकापणी सुरू होती. मी आणि आमचे वनमजूर सीतारामभाऊ पाणवठा पाहून परत निघालो होतो. एकाएकी छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. झाडाला धरायला हात पुढे केला, झाड सापडलं नाही. पुढचं मला तुटक आठवतं. पालापाचोळा गालाला लागत होता आणि सीतारामभाऊ ओरडत होते, "मॅडम, डोळे उघडे ठेवा! मी माणसं घेऊन येतो."

ते जंगलालगतच्या शेतात धावले. तिथे धान कापणारी माणसं विळे टाकून आली. कुणीतरी घरून बाज आणली. तिच्यावर मला घालून त्यांनी रस्त्यापर्यंत नेलं. मला आठवतं ते एवढंच की मला लाज वाटत होती. जीव जात होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, की या लोकांना किती जड जात असेल. मी पुटपुटले, "भाऊ, माफ करा, लय वजन आहे माह्यं."

सीतारामभाऊ धापा टाकत म्हणाले, "काऊन माफी मागता? आम्ही धानाचे पोते उचलणारी माणसं. तुम्ही फक्त श्वास घ्या."

त्या माणसांपैकी एकानेही माझ्या शरीराबद्दल एक शब्द काढला नाही. पुढच्या काही तासांत शिकल्यासवरल्या लोकांनी मात्र ती कसर भरून काढली.

काटा

आमच्या साहेबांच्या जीपमधून मला चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मेडिसिनच्या मॅडम होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी टेप मागवून दोन्ही पाय मोजले आणि विचारलं, "हा पाय कधीपासून असा आहे?"

मी सांगितलं.

"आणि कुणी पाहिला नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला. नंतर तपासण्या झाल्या आणि कळलं ते असं: पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. तिचे तुकडे सुटून फुप्फुसात जाऊन अडकले होते. थोडा उशीर झाला असता तर मी गेले असते. मॅडमनी हे लपवलं नाही.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन वजनाच्या हिशेबाने द्यायचं असतं. म्हणजे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरांना माझं वजन खरोखर हवं होतं, आणि वॉर्डातला काटा माझ्यासाठी पुरेना. तो शेवटच्या आकड्यावर जाऊन अडकला. मला धरून उभी करणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "मूलच्या राइस मिलवर न्या, तिथी काटा आहे." तिघंचौघं हसले. माझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

मॅडमनी मागे वळून फक्त एवढंच विचारलं, "कशाला हसलात?" त्यांनी फोन करून दुसऱ्या विभागातून मोठा काटा मागवला. तो आला, वजन झालं, इंजेक्शन मिळालं. काटा त्याच इमारतीत होता! कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. पहाटे रक्त घ्यायला येतात, मग फरशी पुसतात, मग राउंड, मग नातेवाइकांना हाकलतात. पोटात टोचलेल्या इंजेक्शनांनी माझ्या पोटावर निळेजांभळे डाग पडले होते. भीती वाटायची ती श्वासाची. जरा कमी पडला की वाटायचं, सुटला आणखी एक तुकडा.

दवाखान्याचा गाऊन मला होत नव्हता. मागून उघडाच राहायचा. संडासला जाताना मी एका हाताने सलाइनचा खांब आणि दुसऱ्या हाताने गाऊन धरायची. शकुनमावशी म्हणून एक आया होत्या. एक दिवस त्या दोन गाऊन घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही जोडून एक मोठा शिवून आणला. "घाल बाई. थंडी आहे." मी तो घातला आणि तोंड भिंतीकडे करून रडले. दवाखान्यात आल्यावर पहिल्यांदाच.

प्रमोद रोज डबा आणायचा. डब्यात उकडलेले मूग आणि काकडी. दवाखान्याच्या जेवणातला भात तो काढून ठेवायचा. एकदा मी म्हटलं, "मले भात दे."

"डॉक्टर काय म्हणाले होते, विसरली का? तुह्या भल्यासाठीच करून राह्यलो."

"ज्या डॉक्टरनं पाय नाई पाहिला त्याचं ऐकून?"

"तू कमी खाल्लं असतं तं ही पाळीच आली नसती, रेखा."

शेजारच्या खाटेवरची बाई, तिचे नातेवाईक, सगळे ऐकत होते. मी डबा बंद करून त्याच्या हातात दिला. "घरी जाय." तो गेला. त्यानंतर त्याच्याशी बोलावंसं मला वाटेना.

पूर्वज

राउंडला मॅडमसोबत शिकाऊ डॉक्टर असायचे. मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्या असताना त्यातला एक मुलगा बाकीच्यांना माझ्या पायथ्याशी उभा राहून समजावत होता. "हे जंगलपट्टीतले पेशंट. यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या उपासमार काढली. ज्यांच्या अंगात चरबी साठायची ते वाचले. तेच गुण यांच्यात उतरले, आणि आता रेशनचा तांदूळ भरपूर."

मी त्याला हाक मारली. "डॉक्टर, माह्या सख्ख्या भावाचे पूर्वज वेगळे होते का?"

तो गोंधळला. "म्हणजे?"

"तो बारीक आहे. माह्याच आईबापाचा. एकाच गंजात शिजलेला भात खाल्ला आम्ही. आणि माझी पहिली पोस्टिंग भामरागडला होती. पावसाळ्यात नद्या चढल्या की रस्ते बंद. तिथल्या म्हाताऱ्या बायांनी जी भूक पाहिली ती तुम्ही नाई पाहिली. त्यातली एक तरी माह्यासारखी आहे का, जाऊन पाहा."

मॅडम परत आल्या होत्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि त्या मुलांना म्हणाल्या, "यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं आहे. आता ऐका."

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. दुष्काळात चरबीवाले वाचले, हा एक अंदाज आहे. जुना आहे, ऐकायला पटतो, पण सगळ्यांना मान्य नाही. सगळ्यांच्याच पूर्वजांनी भूक काढली असेल तर आज सगळेच जाड का नाहीत, हा प्रश्न उरतोच. दुसरा अंदाज असा की फार फार पूर्वी माणूस जनावरांची शिकार व्हायचा, तेव्हा जड माणसाला पळता येत नसे. मग आग आली, हत्यारं आली, माणसं टोळीने राहू लागली. जनावराची भीती ओसरली, तशी जाडीवर असलेली ती वेसणही सैल पडली. त्यानंतर जाडीकडे झुकणारे गुण आपसूक पसरत राहिले, कुणाच्या वाट्याला जास्त आले, कुणाच्या वाट्याला कमी.

"मॅडम," मी म्हटलं, "आमच्या बीटवर ती भीती अजून ओसरली नाही."

त्या मोठ्याने हसल्या. मीही हसले आणि छातीत कळ आली.

"पूर्वजांचं काय झालं ते नक्की कुणालाच ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण आज शरीरात काय चालतं ते बरंच ठाऊक आहे. एक जनुक नाही, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक थोडं थोडं ढकलतं. त्यातली कितीतरी मेंदूत काम करतात. भूक किती लागावी, पोट भरलं हे कधी कळावं, हे तिथे ठरतं. आणि वजन उतरवलं की शरीर ते परत मिळवायला झगडतं. भूक वाढवतं, खर्च कमी करतं."

मी आयुष्यभर केलेले उपास मला आठवले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. देवासाठी केले असं लोकांना सांगायची. प्रत्येक वेळी वजन उतरलं, आणि प्रत्येक वेळी परत येताना सोबत थोडं जास्तच घेऊन आलं. दर वेळी मी स्वतःलाच शिव्या दिल्या. बुटक्या माणसाला कुणी म्हणतं का, की तू मनापासून प्रयत्न केला नाहीस म्हणून उंच झाला नाहीस?

"मग ही गाठ वजनानं नाही झाली?" मी विचारलं.

मॅडमनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "वजनाने धोका वाढतो. तापात पडून राहिल्याने आणखी वाढला. हे खरं आहे. म्हणूनच तर तुमचा पाय आधी पाहायला हवा होता. ज्याला धोका जास्त, त्यालाच कमी तपासायचं, हे कुठलं शास्त्र?"

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं आहे. वजन माझ्या आजाराचा एक भाग होतं, मी ते नाकारत नाही. पण तेच पुढे करून मला दोनदा दारातून परत पाठवलं गेलं.

मीना

"घरात आणखी कोण आहे असं?" मॅडमनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"माझी बहीण. पण ती आमच्या घरात वाढली नाही."

मीना माझी मोठी बहीण. चालायला लागली तेव्हाच आरमोरीच्या मावशीला मूल नव्हतं म्हणून आईने तिला तिकडे दिली. मावशी आणि काका दोघेही सडसडीत. त्यांच्या घरात ताक-भाजी-भात, गोडधोड सणालाच. मीना लहानपणापासून रोवणीला चिखलात उभी राहिली, डोक्यावर भारे वाहिले. आम्ही दोघी वर्षातून एकदा भेटायचो. आणि लग्नाच्या वयाला आलो तेव्हा एका मांडवात आम्हाला शेजारी उभं पाहून लोक बोटं दाखवायला लागले. तेच खांदे, तेच दंड, तीच चाल. तिच्या घरी तिला म्हणायचे, ही चोरून खाते. माझ्या घरी मला तेच म्हणायचे. आम्हा दोघींवर वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या माणसांनी, एकाच चोरीचा आळ घातला.

मी हे मॅडमना सांगत होते तेव्हा प्रमोद दारात उभा होता. भांडणानंतर दोन दिवसांनी आला होता. त्याने सगळं ऐकलं. मॅडम म्हणाल्या, "एका घरावरून सिद्ध काही होत नाही. पण वेगळं ताट, वेगळी चूल आणि शरीर तेच, हे तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

त्या गेल्यावर तो खाटेच्या कडेला बसला.

"मी तुह्यापेक्षा जास्त खातो," तो म्हणाला. "मले कोणी कधी काही म्हटलं नाई."

त्याने डबा उघडला. त्यात भात होता, वरून वांग्याची भाजी. अर्धा मी खाल्ला, अर्धा ठेवला, कारण पोट भरलं होतं. तो एकदाही माझ्या ताटाकडे पाहत बसला नाही. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. त्याचं ते 'तू कमी खाल्लं असतं तं' अजून मला टोचतं. पण त्या दिवसापासून घरात माझ्या घासांची मोजदाद थांबली. सासूबाईंनी एकदा सुरू केली तेव्हा तोच म्हणाला, "आई, जेवू दे ना तिले."

आरमोरी

घरी आल्यावर गोळ्या बरेच महिने चालल्या. मॅडमच्या सल्ल्याने मी वजनावरचे उपचारही सुरू केले. थोडं उतरलं आहे. पुढे किती उतरेल, टिकेल का, माहीत नाही, आणि त्यावर माझी इज्जत अवलंबून नाही. मी बीटवर परत गेले.

मग मीनाला भेटायला आरमोरीला गेले. ती माझ्याहून जास्त थकलेली दिसली. चेहरा पांढराफटक, जिना चढताना भिंत धरत होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पाळी थांबतच नाई. लय महिने झाले."

"दवाखान्यात काऊन नाई गेली?"

"कायले जाऊ? बाळंतपणात टेबलावर चढवताना सिस्टर काय म्हणाली होती तुले सांगितलं नाई मी. आताही तेच म्हणतील. वजन कमी कर."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. एक बाई महिनोन्‌महिने रक्त घालवते आणि दवाखान्याला भिते, आजाराला नाही. ही भीती तिच्या जनुकात नव्हती. ती माणसांनी घातली होती.

दुसऱ्याच दिवशी मी तिला गडचिरोलीला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. मीना खुर्चीत बसते न बसते तोच त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहिली गोष्ट म्हणजे वजन..."

"डॉक्टर," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. "तिचं वजन तिले माहीत आहे. लहानपणापासून रोज कोणी ना कोणी सांगून राह्यलं. ती ज्यासाठी आली ते तुम्ही अजून विचारलंच नाई. आधी ते विचारा. वजनाचं मग बोला, आम्ही बसतो इथीच."

ते लाल झाले. मला वाटलं बाहेर काढतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांगा, काय होतंय?"

मीनाने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. आधी अडखळत, मग भरभर, ती बोलत गेली. इतक्या महिन्यांचं साचलेलं एका दमात बाहेर यावं तशी. डॉक्टरांनी ऐकलं, प्रश्न विचारले, तपासलं, सोनोग्राफी लिहिली. पुढे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. पसरल्या नव्हत्या. ऑपरेशन झालं. अजून वर्षभर उशीर केला असता तर काय झालं असतं ते त्याच डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आणि मला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही ओरडलात ते बरं झालं."

बरं झालं कसलं! ओरडणारी बहीण नसेल त्या बाईने काय करायचं, हे त्यांना विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं. खोटं उत्तर त्यांनी दिलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते.

तुमच्यापैकी कुणी असं शरीर घेऊन डॉक्टरांसमोर बसणार असेल तर एवढंच करा. काय होतंय ते पूर्ण सांगेपर्यंत थांबू नका. मध्येच वजनाचं काढलं तर ऐकून घ्या आणि पुन्हा आपल्या दुखण्यावर या. तिथे हात लावून पाहा म्हणा. लाजू नका. सोबत कुणी असेल तर त्यालाही आधीच सांगून ठेवा.

मीनाच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी मी रजा टाकून आरमोरीला गेले. ती तयार होऊन बसस्टँडवरच भेटली, पिशवीत रिपोर्ट घेऊन.

"तू काऊन आली?" ती म्हणाली.

"सोबतीले."

"घरी जाऊन मावशीजवळ बस. जेव, आराम कर." बस लागली होती. तिने पदर खोचला, दांडा धरून पायरी चढली आणि वरूनच मागे वळून म्हणाली, "माह्यं मीच सांगतो त्यायले."